चलपतीची पकड

बावीस वर्षं वीज खात्यात लाइनमन म्हणून काढलेला माणूस धीट असेल, असं कुणालाही वाटेल. आमचा आंध्रातल्या प्रोद्दटूरचा चलपती मात्र असा भित्रा की विचारू नका. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करायचा, "लाइन बंद आहे ना?" तिकडून "आहे बाबा" आलं की दोन पावलं चढायचा आणि पुन्हा फोन. ऑपरेटर वैतागून म्हणायचा, "चलपती, मीच तारेवर येऊन बसतो, मग तरी चढशील का?" हा हसायचा आणि तिसऱ्यांदा विचारायचा. लोक टिंगल करायचे, करोत बापडे. त्याच्याबरोबर नोकरीला लागलेल्या चौघांपैकी दोघांच्या फोटोंना आज ऑफिसात हार आहेत. चलपतीला एवढ्या वर्षांत साधा चटकाही बसलेला नाही.

पण कामावरची ही सवय घरात शिरली आणि लेक झाल्यावर त्या सवयीनं घर डोक्यावर घेतलं. लग्नानंतर अकरा वर्षांनी, तिरुपतीच्या वेंकन्नाला नवस बोलून झालेली पोर. नाव हासिनी, पण सगळ्यांची बुज्जी. बुज्जी पेरू खायला बसली की हा समोर बसून तिच्या घशाकडे बघत राहणार. जिना उतरताना पुढे हा, मागे सुगुणा, मधे बुज्जी. शाळेच्या रिक्षावाल्याला तर त्यानं इतके फोन केले की त्या बिचाऱ्यानं नंबरच बदलला. सुगुणा म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, विजेची तार नाही. सारखं काय तपासता?" चलपती म्हणायचा, "तारेचं काय, तार दुसरी मिळते."

बुज्जीला पाच वर्षं झाली तसा नवस फेडायला तिघं तिरुमलेला गेली. नवसात लेकीचे केस होते आणि बापाचे, मिशीसकट. सुगुणानं बायका देतात तशी तीनदा कात्री लावून बट दिली. मिशी उतरलेला बाप बघून बुज्जीनं तिथंच भोकाड पसरलं, "माझा नान्ना कुठंय?" मग स्वतःच्या गोट्यावर हात फिरवून बघितला आणि हसत सुटली. दोघांच्या डोक्यांना गंधाचा पिवळा लेप लावला, दर्शन झालं, लाडू मिळाला. आता सरळ घरची बस धरायची की नाही? पण बुज्जीच्या वर्गातल्या कुणा मैत्रिणीनं चेन्नईच्या वाटेवरचं पाळण्यांचं आणि पाण्याचं पार्क बघितलं होतं, त्यातलं लाटांचं तळं बघितलं होतं, आणि महिनाभर बुज्जीनं दुसरं काही बोलू दिलं नव्हतं. बापानं शब्द दिला होता. दिला तेव्हापासून त्याची झोप उडाली होती, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिघं तिथं पोचली. निम्मी गर्दी तिरुमलेच्या डोंगरावरून उतरलेलीच. जिकडे बघावं तिकडे पिवळी डोकी: आजोबांची, बापांची, पोरांची. त्यात नवल ते काय? नवस फेडायचा आणि उतरताना पोरांना पाण्यात खेळवून न्यायचं, हे आता सगळ्यांचंच ठरून गेलंय.

पाळण्यांपाशी चलपतीनं आधी पाळणेवाल्याला विचारलं, "पट्टा पक्का आहे ना?" मग नट-बोल्ट हातानं चाचपून बघितले. मागची रांग ओरडायला लागली. शेवटी त्यानं बुज्जीला फक्त लाकडी घोड्यावर बसवलं आणि घोड्याबरोबर स्वतः गोल गोल चालत राहिला. बुज्जी रडवेली झाली. "नान्ना, तू जा ना. सगळे हसतात."

"हसू देत."

लाटांच्या तळ्यात जायचं तर नायलॉनचे कपडे सक्तीचे. भाड्याच्या खिडकीवर सगळ्या पोरांना एकच निळी चड्डी-बनियन. लॉकरपाशी चलपतीनं बुज्जीला समोर उभं केलं आणि एकेक वस्तू उतरवली. कानातली फुलं काढली, पाण्यात पडतील म्हणून. पायातले घुंगरू काढले, कुठं अडकतील म्हणून. गळ्यातला काळा दोरा काढला, फास बसेल म्हणून. फोनही लॉकरमध्ये गेला, भिजेल म्हणून. आपला नंबर मात्र त्यानं बॉलपेननं तिच्या दंडावर लिहिला. सुगुणा बघत होती. "झालं समाधान? मी जेवणाच्या रांगेत उभी राहते. आणि हात जरा सैल धरा तिचा, चोर पकडल्यासारखा धरलाय."

"तू जा," तो म्हणाला आणि पकड आणखी घट्ट केली.

तळ्याच्या काठाला पाणी घोट्याएवढं आणि पुढे हळूहळू खोल होत गेलेलं. तो बुज्जीच्या गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच रोवून उभा राहिला. चहूकडून माणसं, किंचाळणारी पोरं, गंधानं पिवळं झालेलं पाणी उडतंय. बुज्जी म्हणत होती, "अजून पुढे, नान्ना, अजून थोडं." तेवढ्यात भोंगा झाला. पलीकडच्या भिंतीतून गडगडाट आला आणि पहिली लाट उठली. त्यानं बुज्जीचं मनगट आवळलं, लाट छातीवर आदळली, डोळ्यांत पाणी गेलं, आणि मुठीतून काहीतरी निसटलं.

डोळे उघडले तर मूठ रिकामी.

"बुज्जी!" दुसरी लाट. "बुज्जी!" समोर दोन हातांवर एक पिवळं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. चलपतीनं झेप घेतली, निळ्या बनियनला धरून त्याला वर ओढलं, खांद्यावर टाकलं आणि काठाकडे पळत सुटला. पोर खोकत होतं, रडत होतं, पाय झाडत होतं. तो त्याच्या पाठीवर थापटत म्हणत होता, "झालं, झालं, नान्ना आहे ना, घरी जायचं आपण, आत्ता जायचं घरी." काठावर पोचला तरी थांबला नाही. सरळ लॉकरच्या दिशेनं निघाला.

"माझं पोर! अहो, तो माणूस माझं पोर घेऊन चाललाय!"

ही आरोळी आपल्यासाठी आहे हे चलपतीला कळलंच नाही. मागून कुणीतरी बखोटं धरलं, एकानं पोर ओढून घेतलं, आणि तेव्हा त्यानं पहिल्यांदा त्याचं तोंड बघितलं. चार वर्षांचा मुलगा होता. गुटगुटीत, समोरचा दात तुटलेला.

हा मुलगा असेल तर बुज्जी अजून पाण्यात आहे.

तो तळ्याकडे वळला, तर समोर पाच-सहाजण भिंतीसारखे उभे. मुलाचा बाप तगडा होता, त्याचंही डोकं पिवळं. "कुठं पळतोस रे? पोरं चोरतोस?" आणि मुस्काटात बसली.

"माझी मुलगी! पाण्यात आहे!"

"मुलगी? उचललास मुलगा आणि म्हणतोस मुलगी?"

"सारखीच दिसतात हो! गोटा केलाय तिचा!"

"ऐका याचं! बापाला पोर ओळखू येत नाही म्हणे!"

आणखी एक बसली, ओठ फुटला. पोरं पळवणारी टोळी आलीय असले निरोप त्या महिन्यात सगळ्यांच्याच फोनवर फिरत होते, त्यामुळे मागून येणारा प्रत्येकजण न विचारता हात धुऊन घेत होता. चलपतीला मार कळत नव्हता. माणसांच्या खांद्यांमधून त्याला फक्त पाणी दिसत होतं, वर-खाली होणारं, आणि त्यावर पिवळी डोकी. कुठलं तिचं? लाटा चालूच. तो गळा फाडून ओरडला, "लाइन बंद करा! अरे, लाइन बंद करा आधी!" आयुष्यभर धोका म्हटला की तोंडात तेच एक वाक्य. कुणाला कळणार? लोकांना वाटलं, वेडाचं सोंग घेतोय.

शिट्टी फुंकत पार्कचा रखवालदार आला. तमिळ माणूस, तेलुगू तोडकंमोडकं. चलपतीनं त्याचे पायच धरले. "साहेब, मला नंतर फाशी द्या. आधी लाटा थांबवा. पाच वर्षांची आहे. गुडघ्याएवढ्या पाण्यात होती." त्या माणसानं त्याच्या डोळ्यांत क्षणभर बघितलं आणि लाटांचं यंत्र चालवणाऱ्या वरच्या खोलीकडे हात केला. गडगडाट थांबला. पाणी हळूहळू सपाट झालं. पार्कचे दोघं पोहणारे आत उतरले. सगळा घोळका टाचा उंचावून पाण्याकडे बघायला लागला, मारणारेसुद्धा. त्या मुलाची आई, जिनं आरोळी ठोकली होती, तिनं आपलं पोर छातीशी आवळलं आणि तोंडाला पदर लावला.

त्या दोन-तीन मिनिटांत चलपतीनं वेंकन्नाला काय काय कबूल केलं ते त्यालाच ठाऊक. पोहणारे एकदा या टोकाला जाऊन वर आले आणि मान हलवली. काही नाही. पुन्हा बुडी मारली. त्याच्या मनात येत होतं की सुगुणाला आता काय तोंड दाखवायचं, आणि पुढं काही सुचतच नव्हतं.

"काय गं, सुनबाई? कसला गोंधळ हा?" मागून एक म्हातारी आली. ओलं लुगडं, डोळे बारीक केलेले, आणि कडेवर पिवळ्या डोक्याचं निळ्या बनियनमधलं पोर, तोंड लिंबूभातानं माखलेलं. "तुम्ही ओरडत बसा इथं. हा बघ, आपला तेजा कधीचा माझ्यापाशी जेवतोय. आज कसा शहाण्यासारखा खातोय!"

सून सासूकडे बघतच राहिली. खरा तेजा तर सुनेच्याच कडेवर होता. "अत्तम्मा, चष्मा कुठाय तुमचा?"

"लॉकरमध्ये. तूच ठेवलास ना?"

"बुज्जी!" चलपती धावला.

आणि बुज्जी मागे सरली. मिशी नसलेला, ओठातून रक्त गळणारा, डोळे तांबारलेला तो उघडा माणूस अंगावर येताना बघून तिनं म्हातारीच्या मानेला मिठी मारली आणि तोंड लपवलं. घोळक्यात कुजबुज सुरू झाली. "बघा, ओळखतसुद्धा नाही." तेजाच्या बापाच्या मुठी पुन्हा वळल्या. रखवालदार म्हणाला, "फोटो आहे का, तुमचा आणि मुलीचा?" होता ना, लॉकरमधल्या फोनमध्ये! त्यात झुपकेदार मिशांचा माणूस होता आणि दोन वेण्यांची पोर. दंडावरचा नंबर तर पहिल्याच लाटेत धुऊन गेला होता. चलपतीला मनातल्या मनात आठवलं: फुलं मीच काढली, घुंगरू मीच काढले. पुरावा म्हणून उरलं काय? काही नाही.

"हे काय केलंत माझ्या नवऱ्याचं?"

सुगुणा होती. एका हातात पुरीभाजीची ताटली, दुसऱ्यात पाण्याची बाटली. बुज्जीनं मान वर केली आणि म्हातारीच्या कडेवरूनच तिच्याकडे झेपावली. "अम्मा!" मग काय विचारता! ताटली गेली खाली, चार तोंडांतून झाला प्रकार कळला आणि सुगुणानं त्या तगड्या माणसाला असं झापलं की तो दोन पावलं मागे गेला. "माणूस आहात की कोण? आधी मारायचं, मग विचारायचं? तुमच्या आईनं माझी पोर उचलली, मी मारलं का त्यांना?" तेजाच्या बापानं आपल्या पिवळ्या डोक्यावर हात ठेवला, चलपतीचे हात धरले आणि म्हणाला, "चुकलं, अण्णा. पोटचं पोर म्हटलं की डोकं फिरतं." चलपती म्हणाला, "माझंही तेच झालं."

म्हातारी तर रडायलाच लागली. "मला काय ठाऊक? काठाशी एकटंच चाललं होतं. मी बोट पुढं केलं, यानं धरलं."

रखवालदाराला वहीत काहीतरी लिहायचं होतं. तो बुज्जीसमोर उकिडवा बसला. "बाळ, लाटेनं नान्नाचा हात सुटला ना?"

"नाही," बुज्जी म्हणाली. "मीच ओढून काढला."

"का गं?"

"नान्ना खूप दाबतो." तिनं मनगट पुढं केलं. त्यावर चार बोटांचे लाल वळ होते, आणि खालून अंगठ्याचा. मग म्हातारीकडे बघून म्हणाली, "अव्वानं नुसतं बोट दिलं."

चलपती ते मनगट बघत राहिला. ओठ फुटला तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. लाटेला, पार्कला, त्या गर्दीला तो मघापासून शिव्या देत होता मनात. आणि ती आपल्याच मुठीतून जीव घेऊन सुटली होती. सुगुणानं बुज्जीचं मनगट हातात घेऊन हळूच चोळलं.

वर कुणीतरी पुन्हा यंत्र चालू करायची खूण केली. लोक पाण्याकडे वळले. सुगुणा म्हणाली, "चला, कपडे बदलू. बस मिळेल दुपारची." बुज्जीचं तोंड एवढंसं झालं. "आत्ताच? मी तर नीट खेळलेच नाही."

चलपतीनं तळहातानं ओठ पुसला. आत्ता, या क्षणी, तिला उचलून थेट प्रोद्दटूरला पळावं असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला, "चल. गुडघ्यापर्यंतच."

सुगुणानं चमकून त्याच्याकडे बघितलं. बुज्जीनं पण बघितलं, जरा संशयानंच. "दाबणार नाहीस ना?"

"नाही." त्यानं एक बोट पुढं केलं. तिनं थोडा विचार केला आणि धरलं.

दोघं पाण्यात उतरले. भोंगा झाला, भिंतीमागून गडगडाट आला आणि चलपतीचा जीव त्या एका बोटात गोळा झाला. दुसऱ्या हाताची मूठ त्यानं अशी आवळली की नखं तळव्यात रुतली. लाट येत होती, बुज्जी किंचाळत हसत होती, आणि त्यानं बोट सैल ठेवलं.