चाळीस वॅट

घरातली वीज कोण खातं, यावरून आईचं आणि माझं रोज वाजायचं. "माझो पंप काय खाता? तुझो फ्रीज खाता!" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय बोललेलं मला सोसत नाही. एका रविवारी सकाळी खाज्यांच्या रिकाम्या डब्यात सर्किट बसवलं, पडवीत मेन स्विचपाशी बसले आणि पंपाच्या वायरीला मोजणीचा चिमटा लावला. आतून किती वीज जाते ते हा चिमटा बाहेरूनच ओळखतो आणि आकडा मोबाईलवर येतो.

आईने पंप सुरू केला आणि खोरं घेऊन ती माडांना पाणी लावायला गेली. अनवाणी, पाटाच्या पाण्यात घोट्यापर्यंत बुडून.

आकडा आला चाळीस वॅट. एवढा धडधडणारा पंप आणि चाळीस? करायला गेले गणपती नि झाला मारुती! डब्याला दोन शिव्या घातल्या आणि मग माझं मलाच हसू आलं. चिमट्यात एकच तार घ्यायची असते. मी दोन्ही घेतल्या होत्या. एकीने गेलेली वीज दुसरीने परत येते, दोघींची वजाबाकी होते आणि उरतं शून्य. नववीच्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते.

चिमटा काढायला हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. शून्य यायला हवं होतं. मग हे चाळीस परत न येता जातायत कुठे?

पाटात आई उभी होती.

मी झडप घालून मेन स्विच ओढला. "आये, भायर ये! पाण्यातसून भायर ये आदी!"

"काय गो, लाईट गेली?" म्हणत ती सावकाश आली आणि पायरीवर बसली. मी झालेलं सांगितलं. ती पाय पुसत म्हणाली, "आठ दिस झाले, पाटात ऱ्हवलंय काय पाय झिणझिणतत. माका वाटला साखर वाढली. म्हणान तुका सांगूक नाय."

मी मेन स्विचशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. वीज कुठे गळली की आपोआप पडणारा ब्रेकर तिथे होता. पावसाळ्यात तो सारखा पडायचा. त्या कटकटीला वैतागून मीच तो काढला होता आणि तारा थेट जोडल्या होत्या. त्या दिवशी पंप पुन्हा चालू झाला तेव्हा आई शेजारणीला माझ्याबद्दल कौतुकाने सांगत होती, "चेडू हुशार आसा माझा."