चांगुणाबाईनं राखलेलं भूस

विमानातून छत्री घेऊन उडी मारलेल्या माणसाची गोष्ट आमच्या गावात अजून चवीनं सांगतात. सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेले नव्हते, तरी डोळ्यानं बघितल्यासारखं सांगतात. चांगुणाबाईचं नाव मात्र कुणी घेत नाही. म्हणून मी, दुसरीतून शाळा सुटलेली बाई, हे लिहायला बसले. अक्षर वाकडं असंल, गोष्ट सरळ आहे.

टेंभुर्णीपासून दीड कोसावर आमचं गाव. चांगुणाबाई तिथल्या बौद्धवाड्यातली. उंच, काळी, हाताचे पंजे सुपासारखे. नवरा लवकर गेला, मग भावाजवळ, तातेरावाजवळ राहिली. चार गावांत तिच्यासारखी उपणणारी नव्हती. तीन पायांच्या लाकडी तिव्यावर चढायचं आणि मळलेल्या ज्वारीची पाटी वाऱ्यावर हळूहळू सोडायची. दाणा जड, तो खाली पडतो. भूस हलकं, वारं नेईल तिकडं जातं. ऐकायला सोपं आहे. पण वारं जरा फिरलं की सगळं भूस पुन्हा राशीवर. चांगुणाबाई वारं फिरायच्या आधी तिवा फिरवायची.

मी एकदा विचारलं, "तुला कळतं कसं गं?"

"गिरजाबाई, सासऱ्याचं तोंड बघून तुम्हाला कळतं का न्हाई, आज कुणीकडून येणार ते? तसंच."

हसता हसता माझी चाळण सांडली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन सालं झाली होती. फाल्गुनातला दिवस. आमच्या खळ्यावर शाळू मळून पडला होता. चांगुणाबाई तिव्यावर होती, तातेराव खालून पाट्या भरून देत होता आणि मी राशीच्या कडेला मातेरं, म्हणजे मातीत मिसळलेले दाणे, चाळत बसले होते. उपणायचं काम एकट्याचं नाही, वर चढलेल्याला पाटी देणारा लागतोच. हे ध्यानात ठेवा.

सकाळी उगवतीचं वारं होतं. ते भूस आम्ही जेवायच्या आधीच झाडून गोठ्यात नेलं. दुपारी वारं पडलं. चांगुणाबाईनं नाक वर केलं, "आता मावळतीचं येतंय," म्हणाली आणि तिवा फिरवला. आलंच. दोन-चार पाट्या झाल्या असतील, तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली. एक विमान बरंच खालून गेलं. त्यातून ठिपका सुटला आणि ठिपक्यावर छत्री उघडली. मळकट, धुतलेल्या पोत्याच्या रंगाची. आमच्या डोक्यावरून ती तरंगत उगवतीला गेली, टेकडीच्या पल्याड.

"माणसाचं भूस झालं बघा," चांगुणाबाई वरून म्हणाली. तातेराव पाटी धरून आभाळाकडं बघतच राहिला. "दे की रे पाटी! वारं हाय तंवर!"

आभाळातून माणूस पडला तरी वारं वाया घालवणारी ती बाई नव्हती.

संध्याकाळी रेडिओनं सांगितलं. कुण्या माणसानं पिस्तूल दाखवून विमान वळवलं, एका सराफाची दागिन्यांची पेटी घेतली आणि पांढरी छत्री लावून उडी मारली. अंधार पडायच्या आत फौजदार गावात. रामकिसनच्या हॉटेलात जबान्या झाल्या. जबानी देणारे तीन. हॉटेलवाला रामकिसन, पोलीस पाटलाचा भाऊ काकासाहेब आणि माझे सासरे अप्पाराव. तिघांनी एकच सांगितलं. छत्री पांढरी शुभ्र, मावळतीला नाल्यात उतरली, तातेरावाच्या वावराला लागून. तातेराव त्या माणसाला घेऊन पळताना दिसला.

तोंडं तीन, जीभ एक. अहो, ते तिघे तेव्हा हॉटेलात पत्ते खेळत होते! तिथून दिसला असेल तर पत्र्याचा कोपरा आणि लिंबाचा शेंडा. पांढरा रंग त्यांनी रेडिओवरून घेतला. आणि तातेरावाचं नाव कुठून घेतलं, तेही सांगते.

आदल्या पावसाळ्यात आमचा बैल मेला होता. सासऱ्यांनी निरोप धाडला, मढं ओढून न्या. तातेराव आमच्या ओट्यासमोर येऊन शांतपणे म्हणाला, "अप्पाराव, छप्पन सालापासून आम्ही ते काम सोडलंय. बैल तुमचा, तुम्हीच ओढा." सासऱ्यांना नाकाला फडकं बांधून स्वतः दोर धरावा लागला. सगळ्या गावानं बघितलं. तो दोर त्यांच्या पोटात तसाच पडून होता.

तातेरावाला नेलं. चांगुणाबाई फौजदाराच्या मागं धावली. वारं, पाटी, छत्रीचा रंग, सगळं सांगितलं.

"तू त्याची बहीण," फौजदार म्हणाला. "बहीण भावासारखंच बोलणार."

"आन् हे तिघं?"

"ते गावचे प्रतिष्ठित लोक."

त्या शब्दानं माझं डोकं आजही तापतं. पत्ते पिसणारे ते प्रतिष्ठित, आणि सगळा जन्म वाऱ्यात उभी राहिलेली बाई नुसती बहीण! तिचं एक अक्षर कागदावर घेतलं नाही.

आणि मी? सासरे घरी येऊन म्हणाले, "गिरजे, तू खळ्यावर नव्हतीस. घरात होतीस." मी मान हलवली. खरा राग काढायचा तर आधी स्वतःवरच काढावा लागतो मला.

चांगुणाबाई फौजदाराजवळून निघाली ती थेट खळ्यावर गेली. भुसावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, कडेनं धोंडे लावले. आमच्याकडं रीत अशी, की रास पुरी उपणून पुजल्याबिगर हलवायची नाही, आणि ज्यांनी उपणायला घेतली त्यांनीच, भूस झाडण्यासकट, पुरी करायची. सासरे माणसांना भ्याले नसतील, पण रीतीला फार भ्यायचे.

दुसऱ्या दिवशी ते खळ्यावर ओरडले, "चांगुणे, चढ तिव्यावर. जल्दी!"

"चढते की. माझा पाटी देणारा आणा."

"दुसरा देईल."

"असं कसं मालक? ज्यांनी घेतली त्यांनीच पुरी करायची, तुमचीच रीत. तुमच्या जबानीनं तो आत बसून राह्यलाय, म्या काय करू?"

बौद्धवाड्यातली दुसरी कुणी बाई चढेना. सासरे माझ्याकडं वळले. "गिरजे, तू चढ."

"मला घेरी येते, मामंजी."

साफ खोटं. त्या दिवसांतलं माझं पुण्य तेवढंच.

रास तशीच पडून राहिली. तिकडं पोलीस मावळतीच्या नाल्यातला गाळ उपसत होते, आणि कोठडीत तातेरावाला विचारत होते, पेटी कुठंय. कसं विचारत होते, ते पुढं त्याच्या कानावरून कळलं.

अकराव्या दिवशी औरंगाबादेहून मोठे साहेब आले. त्यांनी तिन्ही जबान्या वाचल्या आणि म्हणाले, "ही तीन माणसं बोललीत का एकच माणूस तीनदा बोललाय?" मग चांगुणाबाईला बोलावलं.

"साहेब, मी अडाणी बाई. माझं ऐकू नका, भुसाचं ऐका. खळ्यावर चला."

सगळं गाव मागं. मीही गेले, बायांच्या घोळक्यात. तिनं पेंढ्या उचलल्या. इकडं रास, आणि राशीच्या उगवतीला भुसाचा लांब पट्टा.

"हे त्या दुपारचं. हलकं होतं ते वाऱ्यासंगं हिकडं गेलं. मंग येवढी मोठी छत्री वाऱ्याच्या तोंडावर उलटी चालत नाल्यात गेली? पाय होते का तिला?"

लोक हसले. सासरे हसले नाहीत. साहेबही हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, हे त्याच दुपारचं कशावरून? पाटी तुझाच भाऊ देत होता कशावरून? हे तुझ्याशिवाय कोण सांगतंय?"

अकरा दिवसांत चांगुणाबाईनं माझं नाव एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही तिनं माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांची नजर मात्र राशीच्या कडेला गेली. माझी चाळण तिथंच पडली होती, माहेरून आणलेली, पितळी कडी लावलेली.

"ही कुणाची?"

पदर घट्ट धरून मी पुढं झाले. "माझी, साहेब. मी हितं बसल्ते. पाटी तातेरावच देत होता. छत्री मळकट होती आन् उगवतीला गेली."

"गिरजे!" सासरे गरजले.

"होते मी, मामंजी. तुम्हीच नव्हता."

तातेराव दुसऱ्या दिवशी सुटला. डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं होतं. पोलीस मग उगवतीला शोधायला गेले, पण अकरा दिवसांत माणूस कुठल्या कुठं जातो. पावसाळ्यानंतर एका धनगराला टेकडीपल्याडच्या कपारीत छत्रीचं कापड मिळालं. मळकटच. तो माणूस कोण, कुठं गेला, आजवर कळलं नाही. त्याला पळायला मदत केली असेल तर या तीन प्रतिष्ठितांनी केली. त्यांना कुणी कोठडीत घातलं नाही. सासऱ्यांनी सहा महिने माझ्या हातचं खाल्लं नाही. माझ्या तेवढ्या भाकरी वाचल्या.

तातेराव सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं भावंडं रास पुरी करायला आली. ती वर चढली, तो पाट्या देऊ लागला. हाक मारायची तर तिला त्याच्या उजव्या बाजूला वाकावं लागत होतं. मी चाळण घेऊन बसले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं, आता ही दोन बरे शब्द बोलेल.

बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, ती वरून म्हणाली, "अकरा दिवस लागले व्हय गं, गिरजे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या नावापुढचं 'बाई' काढलं होतं. वारं मावळतीचं होतं, मी उगवतीच्या अंगाला बसले होते, आणि भूस सगळं माझ्या डोक्यावर, मानेवर येत होतं. शाळूचं भूस फार खाजतं. मी सरकले नाही.