वैशालीवन्संचे दोन महिने

वैशालीवन्संना कुठलीही गोष्ट अर्धी टाकता येत नसे. शेवग्याची शेंग तोंडात घातली की तिचा चोथा होईपर्यंत सोडायच्या नाहीत. रिक्षावाल्याशी लागलेलं भांडण त्या चंदनसारच्या नाक्यावरून आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत घेऊन यायच्या. रिक्षावाला केव्हाच निघून गेलेला असायचा, पण चपला काढता काढता त्याला शेवटचं उत्तर मिळायचंच. "आज मी गप्प बसले तर उद्या तो दुसऱ्या बाईला फसवणार," असं त्यांचं म्हणणं. मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असायचे. मला भांडणाची भीती वाटते. बाहेरचं कोणी आलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी, कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असताना, त्यांचं लग्न लावून दिलं. स्थळ चांगलं होतं म्हणे. त्या चांगल्या घरात त्यांनी मार खाल्ला. मग माहेरी आल्या आणि कोर्टात उभ्या राहिल्या. तारखांवर तारखा पडत गेल्या. सगळे सांगत होते की सोडून दे, काय मिळणार आहे? त्यांनी सोडलं नाही. मधल्या काळात राहिलेलं वर्ष पुरं करून पदवी घेतली आणि वालीवच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला लागल्या. कोर्टाचा निकाल लागला तेव्हा त्यांचे केस कानाजवळ पांढरे झाले होते.

कारखान्यात त्यांच्या डोक्यावर एक नवीन साहेब आला. एमबीए झालेला, वन्संपेक्षा बराच लहान. वन्संनी त्याला काम शिकवलं आणि तोच महिन्याभराने त्यांना समजावायला लागला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पर्स कॉटवर आपटली. "वहिनी, तो माझ्याकडून विचारून घेतो आणि मीटिंगमध्ये मलाच विचारतो, वैशालीताई, समजलं ना? मी एमबीए करणार. बस्स."

सासूबाई म्हणाल्या, "ह्या वयात? लोक हसतील गो!"

"हसू देत. लग्नात जेवून गेलेत ते, हसण्याचा हक्क आहे त्यांना."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग म्हणाले, "प्रवेश परीक्षेला दोन महिने आहेत. दे. चांगले मार्क पडले तर जा. नाही पडले तर नालासोपाऱ्याच्या माणसाला होकार द्यायचा. परीक्षा होईपर्यंत मी त्याचं नाव काढणार नाही." नालासोपाऱ्याचा माणूस म्हणजे एक विधुर. स्वतःचं दुकान, स्वतःचा फ्लॅट. वन्सं "चालेल" म्हणाल्या. मला तेव्हाच राग आला होता. स्वतःच्या बहिणीशी अशी पैज लावतात का? पण मी पोळ्या लाटत राहिले.

एव्हरशाईन वसाहतीत एक क्लास होता. तिथे वन्सं रविवारी जायच्या. पहिल्या सराव परीक्षेत त्यांना इतके कमी मार्क पडले की सरांनी त्यांना थांबवून घेतलं. सर तरुण होते. ते काय म्हणाले ते वन्संनी घरी येऊन मला त्यांच्या आवाजात करून दाखवलं. "मॅडम, तुम्ही जेवढे प्रश्न केलेत, सगळे बरोबर आहेत. पण अर्ध्या पेपरला तुम्ही हातच लावला नाही. एका प्रश्नावर पंधरा मिनिटं? ही एक्झाम आहे, कोर्ट नाही. इथे केस जिंकायची नसते, नाही जमली तर पुढची घ्यायची असते." आणि म्हणे, शेवटी जे प्रश्न उरतील त्यांत ए, बी, सी, डी काहीही भरून टाका, चुकलं तरी मार्क कापत नाहीत.

हे दुसरं तर वन्संना अजिबात पटेना. "मला येत नाही ते येतं म्हणून सांगू? माहीत नसताना ठोकून देणारे आमच्या ऑफिसात भरपूर आहेत."

मला त्या परीक्षेतलं काही कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. पर्सेंटाइल म्हणजे काय ते वन्संनी मला टँकरवरून समजावलं. "टँकर आला, शंभर जणी रांगेत. तुझ्या मागे किती उभ्या, ते पर्सेंटाइल. हंडा केवढा आहे ते कोणी विचारत नाही." मग म्हणाल्या, "वहिनी, मला एक माणूस पाहिजे. घड्याळाकडे बघून मला 'सोडा' म्हणणारा. आईला सांगितलं तर ती जन्मभर तेच म्हणत बसेल. तू म्हण."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. पहाटे मी डब्याच्या पोळ्या करायचे आणि वन्सं ओट्याच्या बाजूला फळीवर मोबाइल टेकवून प्रश्न सोडवायच्या. भिंतीवरच्या घड्याळात मोठा काटा दोन मिनिटं पुढे गेला की मी म्हणायचे, "सोडा." सुरुवातीला त्या माझ्यावरच डाफरायच्या. "थांब गं, येतंय!" त्यांचा सगळ्यात जास्त राग गोल टेबलावर होता. आठ माणसं टेबलाभोवती बसली आहेत, कोण कोणाच्या उजवीकडे, कोण कोणाकडे पाठ करून, असलं काहीतरी.

एकदा मी न राहवून म्हणाले, "बसू देत की त्यांना हवं तिथे. आपल्याला कुठे त्यांना वाढायचंय?"

वन्सं इतक्या हसल्या की सासूबाई उठून आल्या. त्या दिवसापासून टेबल आलं की त्या स्वतःच म्हणायच्या, "जेवा रे बाबांनो," आणि पुढे जायच्या. शेवटी उरलेले प्रश्नही भरायला लागल्या, पण प्रत्येकाला शिवी देऊन. "घे मेल्या, सी! तुलाही सी!" मार्क हळूहळू चढायला लागले.

एकदा पोळी उलटता उलटता मी न बघताच "सोडा" म्हणाले आणि काटा बरोबर तिथेच होता. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला हे छान जमतं वहिनी. लग्न झाल्यापासून तू दुसरं काय केलंस?"

ते मला फार लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्या खरं बोलल्या होत्या, म्हणूनच राग जात नव्हता.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी शेवटचा मोठा सराव होता. पूर्ण पेपर, मध्ये उठायचं नाही. वन्सं आतल्या खोलीत बसल्या, मी गजराचं घड्याळ घेऊन शेजारी. पेपर निम्म्यावर आला आणि बेल वाजली. नालासोपाऱ्याचा माणूस आणि त्याची बहीण. बहीण गावी जाणार होती, म्हणून आधीच मुलगी बघून घ्यायची, असं ह्यांनी परस्पर ठरवलं होतं. माझ्या नवऱ्याने शब्द दिला होता. तो त्याने एका फोनवर मोडला आणि घरात कोणाला सांगितलंही नाही.

"वैशाली, बाहेर ये जरा," ह्यांची हाक आली.

वन्संचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या. मला माहीत होतं आता काय होणार. त्या बाहेर जाणार आणि शेवटपर्यंत भांडणार. भांडण जिंकतीलही, पण पेपर जाईल. आठवड्याने खऱ्या परीक्षेला बसतील तेव्हाही हे भांडण डोक्यात चालूच असेल.

मी त्यांचा हात धरला. "वन्सं, सोडा. पुढचा घ्या."

आणि घड्याळ त्यांच्या हातात देऊन मीच बाहेर गेले.

बाहेर तिघे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "त्यांची परीक्षा चालू आहे. त्या येणार नाहीत."

माणसाची बहीण हसली. "ह्या वयात कसली हो परीक्षा?"

"ज्या वयात द्यायची त्या वयात ह्यांनी लग्न लावलं."

"आत जा," हे म्हणाले.

"नाही जात."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात आतून वन्संचा आवाज आला, मोठा, स्पष्ट. "घे मेल्या, सी!"

पाहुण्यांनी चहा घेतला नाही.

हे माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मीही डबा भरून दिला आणि गप्प राहिले, पण हे गप्प राहणं पहिल्यासारखं नव्हतं. वन्संची परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा त्या रांगेत चांगल्याच पुढे गेल्या होत्या. कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात नंबर लागला, राहायची सोय तिथेच. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "वहिनी, परीक्षेत एक गोल टेबल आलं होतं. सोडलं मी. पण आता बस सुरू झाली की करणार आहे." आणि खरंच पर्समधून पेन काढलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. ही बाई आता मला ह्या घरात ह्यांच्याबरोबर एकटीला ठेवून चालली होती.

गेल्या आठवड्यात पाइपलाइन फुटली आणि टँकर आला. मी आणि सासूबाई रांगेत होतो. सासूबाई पुढच्या बायकांना सांगत होत्या, "आमच्या वैशालीने दोन महिन्यांत केलान हो सगळं. फक्त दोन महिने!" बायका कौतुक करत होत्या. एक म्हणाली, "एवढ्या कमी वेळात? कमाल आहे!"

कमी वेळ. तो कमी कोणी केला? सासरच्यांनी खाल्ला, कोर्टाने खाल्ला, उरलेला आम्ही घरात बसून खाल्ला. ताटात शेवटी दोन घास ठेवले आणि आता त्या दोन घासांचं कौतुक.

"आई," मी म्हणाले. रांगेतल्या सगळ्या माझ्याकडे वळल्या. "दोन महिने आपण दिलेत. बाकीची वर्षं कोण देणार त्यांना?"

सासूबाईंनी पदर खोचला. मग शेजारणीला म्हणाल्या, "बघितलंत? पूर्वी तोंडातून शब्द निघत नव्हता हिच्या. वैशालीने बिघडवलान हिला."

"हो," मी म्हणाले, आणि हंडा पुढे सरकवला.