पकड सुटलेल्या पेशी

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या बेटावरच्या व्हाकोआ शहरात, एका प्रयोगशाळेत मी तपासणीसाठी काचेवरचे पेशींचे नमुने रंगवायचो आणि रविवारी शमें ग्रेनिए या आमच्या गावी घरी जायचो. अशाच एका रविवारी आईच्या छातीत गाठ असल्याचं कळलं. सर्जन म्हणाले, लगेच काढू, अजून एकाच जागी आहे.

पण गणपतीची माती घरात आली होती. आमच्या घरची रीत अशी, की माती उंबऱ्याच्या आत आली की विसर्जनापर्यंत कुणाच्या अंगाला सुरी लावायची नाही. मूर्ती आईच घडवायची. बाबा देवळाच्या मंडळाचे पुढारी. म्हणाले, "बाप्पा जाऊ दे, मग कापा म्हणावं."

मी घर डोक्यावर घेतलं. "रोग काय पंचांग बघून वाढतो का?" आई माती मळत राहिली.

विसर्जनानंतर ऑपरेशन झालं, तोवर काखेतही गाठी होत्या. पुढे यकृतात निघाल्या. बाबांचं अन्नावरचं मन उडालं. ताट पुढं आलं की उठून जायचे. "मीच मारली तिला," एवढंच बोलायचे. माझा राग काही गेला नव्हता, पण माणूस असा डोळ्यांदेखत वाळताना बघवत नव्हतं.

त्या सुमारास प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी विलायतेचं एक मासिक मला वाचायला दिलं. पेशींच्या अंगावर रिसेप्टर नावाचे पकड धरणारे रेणू असतात, त्यांनी त्या एकमेकींना धरून राहतात. कर्करोगाच्या पेशीची ही पकड सुटते, ती रक्तातून वाहत जाते आणि भलत्याच अवयवात पुन्हा पकड धरते. ती पकड औषधानं अडवता येईल का, याचे प्रयोग चालले होते. अजून नुसते प्रयोग! मासिक भिरकावून द्यावंसं वाटलं.

एका दुपारी आईच्या उशाशी बसून मी हे तिला सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं बेटावरच्या क्रेओल बोलीत. बाबा दाराबाहेर बाकावर बसले होते. आईनं सगळं ऐकलं आणि जरा मोठ्यानंच विचारलं, "मंग माझ्या कधी सुटल्या रे? माती घरात आली त्याच्या आधी, का मागनं?"

मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती.

"आधीच, आये," मी म्हणालो. "गाठ हाताला लागली त्याच्याही आधी."

"ऐकलंत न्हवं?" ती बाबांना म्हणाली. "आता जेवून घ्या."