कमी पडेल ते

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळात शमुवेलकाका पेणकर, अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, दर बैठकीत त्यांच्या परंपरेतली तीच गोष्ट सांगत. वाळवंटात देवाचा मंडप उभारायला दान हवं होतं, तेव्हा इस्राएलच्या बारा वंशांचे सरदार म्हणाले, "आधी लोकांना देऊ दे, कमी पडेल ते आम्ही भरू." लोकांनी सगळंच आणलं आणि सरदार मिशीला पीळ देत बसले ते बसलेच! "म्हणून बाबांनो, सेवेला आधी धावा!"

सगळे पोट धरून हसत. बैठकीनंतर खुर्च्या मात्र काकाच उचलत.

२०१४च्या मार्चमध्ये काकांच्या पत्नी रिबेकाकाकू गेल्या. फोनवर फोन आले. "काका, काही कमी पडलं तर हक्कानं सांगा हं!"

दफनाचा दिवस कामाचा वार होता. शवपेटी उचलायला भाड्याचे चार जर्मन आले. त्यांनी विचारलं, "आणखी कोणी यायचंय?"

"बारा सरदार यायचेत," म्हणत काका फाटकाकडे बघत राहिले.

शेवटी मातीचं फावडंही त्यांनीच उचललं.