करड्या पट्ट्याचे वजन

ओल्या दगडाला गंध असतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या लहानशा कार्यालयात, खाली रिक्षांचा कलकलाट चालू असताना, मी विंधनातून काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यांवरून ओला बोळा फिरवते, आणि भूगर्भातला मुका काळोख क्षणात रंग धारण करतो!

हे नमुने परराज्यातल्या एका बंद तांब्याच्या खाणीचे. कागदावर तिचा इतिहास किती सरळ आहे: प्राचीन खोदकाम, नंतर विंधनयंत्रे, काही वर्षांचे भरघोस उत्पादन, आणि शेवटी ‘धातुक संपले’, म्हणजे तांबे देणारा दगड संपला, एवढी नोंद. ती नोंद कायम करायची की आणखी एक विंधन सुचवायचे, हे मला ठरवायचे होते. भूवैज्ञानिक म्हणून माझ्या स्वाक्षरीचा हा पहिलाच अहवाल. ‘संपले’ लिहिणे फार सुरक्षित. तसे लिहिणाऱ्याची चूक कुणाला कधी दिसणार?

पण नमुने पाहता पाहता मी थबकले. पिवळे, झळाळणारे तुकडे तेवढे तपासणीसाठी कापलेले; करडे मात्र अखंड, अस्पर्श. आणि खोक्याच्या झाकणाच्या आत रंगाने लिहिलेले: ‘दत्तू, नेसरी.’ परमुलखातल्या खोक्यावर आपल्याच जिल्ह्याचे गाव!

रविवारी मी नेसरी गाठली. विंधनयंत्रावर उमेदीची वर्षे घालवलेले दत्तूमामा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. करड्या दगडाचे नाव काढताच हसले.

“अगं पोरी, सायेब म्हणायचा, पिवळं दिसंल तेवढंच कापा. मी म्हटलं की, सायेब, ह्यो करडा दगूड लई जड हाय. तर म्हणतो कसा, दगूड जड न्हाय दत्तू, तुझं हात दमल्यात!”

ज्ञानाची केवढी ही ऐट! डोळे चकाकीवर खिळलेले, आणि ज्या हातांनी प्रत्येक खोका उचलला त्यांना कुणी विचारलेच नाही. परत येऊन मी करडा तुकडा हवेत तोलला, मग पाण्यात तोलला. घनता साध्या खडकाची नव्हतीच. प्रयोगशाळेचे उत्तर आले: करड्यात तांबे आहे, पिवळ्याहून अधिक.

एका तुकड्याने खाण जिवंत होत नाही, हे मी जाणते. तरीही अहवालात मी एक विंधन सुचवले, त्या करड्या पट्ट्याच्या दिशेने. आणि पूर्वेतिहासाच्या प्रकरणात, जिथे केवळ अधिकाऱ्यांची नावे असतात, तिथे मामांचे निरीक्षण त्यांच्या नावानिशी नोंदवले. गेल्या आठवड्यात मंजुरी आली. मामांना फोनवर सांगितले.

म्हणाले, “मशीन लावशील तवा मला ने की. पयलं खोकं मीच उचलणार.”