आडनावाचं सुतक

आमच्या आडनावाची माणसं नगर जिल्ह्यात दगड मारावा तिथे सापडतात. शेवगावच्या बाजारात किराणा, खतं, मोबाईल, कुठल्याही पाटीवर बघा, तेच. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात तर निम्म्या घरांचं तेच आडनाव. गावातली मंडळी सांगतात, ते कुणा मूळपुरुषाला लढाईतल्या पराक्रमाबद्दल मिळालं. औत हाकताना मिळालेलं आडनाव अर्थात कुणीच सांगत नाही. आमचे आजोबा मात्र जामखेडकडचे. ते म्हणत, आपलं आडनाव मागे सोडलेल्या एका खेड्यावरून पडलंय. म्हणजे आडनाव एक आणि घराणी दोन. आजोबा दुष्काळात इकडे विहिरीच्या कामावर आले आणि इथेच राहिले. गावाने आडनाव ऐकलं आणि ‘मग आपलेच की’ म्हणून ठेवून घेतलं.

ते ‘आपलेच’ माझ्या वडिलांनी फार मनावर घेतलं.

गावात आमच्या आडनावाचं कुणीही गेलं की आमच्या घरी दहा दिवस सुतक. देवपूजा बंद, गोडधोड बंद, कढई चढवायची नाही. मी लहान असताना ऐन वसुबारसेला वरच्या आळीतली एक म्हातारी गेली. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. आईने करंज्यांचं सारण करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. बाकी गावातून तळणाचा वास येत होता आणि आम्ही भावंडं पिठलं-भाकरी खात रडत होतो.

आई चिडून म्हणाली, "तिची लांबची भावकीबी पाळंना, आन तुमीच लई पाळताय."

"आपुन पाळलं तरच उद्या आपल्याला कुनी पाळंल," वडील म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला होता.

गेल्या वर्षी श्रावणात वडील गेले. शेजारचे काका, आमच्याच आडनावाचे, सगळ्यात आधी धावत आले. त्यांनी खांदा दिला, ओक्साबोक्शी रडले, आमच्याकडे चूल बंद म्हणून दोन्ही वेळा भाकरी पाठवल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून आलो. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर काकांच्या दारात केळीचे खांब. सत्यनारायण होता. सुतकात कुणी पूजा घालत नाही. म्हणजे काकांना सुतक नव्हतं.

संध्याकाळी ते येऊन आईजवळ बसले. "वहिनी, परसाद केलाय. पर तुमाला सुतक हाय, म्हनून आनला न्हाई."

हे त्यांनी अगदी मायेने सांगितलं. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर निदान भांडलो तरी असतो.

दहाव्याला नदीवर भावकीतले सगळे पुरुष डोकं भादरतात. न्हाव्याने माझं आणि धाकट्या भावाचं उरकलं आणि आणखी कुणी बसतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आमच्या आडनावाची कितीतरी माणसं घाटावर उभी होती. सगळ्यांचे डोळे ओले होते, पण पुढे कुणी आलं नाही. मी न्हाव्याला वस्तरा ठेव म्हणालो.

यंदा वर्षश्राद्ध उरकलं, आणि दिवाळीच्या तोंडावर काकांची आई गेली. मी तिला खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली आणि बायकोला म्हणालो, "करंज्या तळायला घे." आवाज जरा चढलाच होता. बायकोने आईकडे पाहिलं. मला वाटलं, आई अडवेल. पण तिने स्वतःच कढई गॅसवर ठेवली.

"जलमभर लोकांचं सुतक धरलं," ती म्हणाली. "बास झालं आता."

वास शेजारी जावा म्हणून मी मुद्दाम खिडकी उघडली. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

पहिल्या करंज्या आईने ताटलीत घालून वडिलांच्या फोटोपुढे ठेवल्या. मग तिने ताटली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"ह्यांना नको," ती म्हणाली. "ह्यांना सुतक हाय."